मधल्या बोटाचा सांधा

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगळ्या,

फोन तू उचलत नव्हतासच, कालपासून तर घंटीही वाजत नाही. म्हणजे माझा नंबर बंद करून टाकलायस. म्हणून तुझ्या लिफ्ट कंपनीच्या पत्त्यावर लिहिते आहे. तिथे निदान पाकीट तुझ्या हातात तरी देतील.

आधी दाताचं. वरचा पुढचा दात हलत असेल तर जिभेने ढोसत बसू नकोस, दातांच्या डॉक्टरकडे जा. रविवारी तू रुमाल तोंडाला लावून जिना उतरलास तेव्हा तुझे भाऊजी दुकानातून वर येत होते. रुमाल लाल झाला होता म्हणाले.

मी मारायला नको होतं. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. पस्तीस वर्षांच्या भावावर हात उचलायचा, तोही मूठ वळून, हे मला शोभलं नाही. पण तू काय बोललास तेही आठव. म्हणे, "तू माझी आई कधीच नव्हतीस, नुसती तिची जागा अडवून बसलीस." तू चार वर्षांचा होतास आणि मी सोळाची, तेव्हापासून तुझं नाक पुसणं, तुझा अभ्यास घेणं, तुझ्या तापात उशाशी बसणं, हे सगळं जागा अडवणं झालं का रे? मुंगळ्यासारखा पायाला चिकटलेला असायचास. पाय हलवला तरी सुटायचा नाहीस.

आता त्या मुलीचं. गेल्या महिन्यात कोण कुठली येते, आपल्या आईची दुसऱ्या घरची लेक आहे म्हणून सांगते, आणि तू तिच्यावर विश्वास ठेवतोस. आई गेल्या वर्षापर्यंत जिवंत होती म्हणे. एकदा आपल्या दारात येऊन गेली म्हणे, आणि मी तिला हाकललं म्हणे. मी तुला सांगते, कोणीही आलं नव्हतं. आली असती तर मला कळलं नसतं का?

माझ्याही हाताला थोडं लागलंय. मधल्या बोटाच्या मुळाशी, मूठ वळली की जो उंचवटा येतो ना, तिथे. तुझा दात लागला असणार. मुगाच्या दाण्याएवढी जखम आहे. नळाखाली धरली आणि कामाला बसले. कॉलेजचे चाळीस प्रबंध बांधायला आलेत, शिवण माझ्याशिवाय कोण घालणार?

राग उतरला की फोन कर.

ताई


७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंगळ्या,

पत्र मिळालं असेल. उत्तर नाही. बरं.

हात सुजलाय. परवा सकाळी उठले तर मधल्या बोटाचं मूळ लाल, गरम, आणि बोट सरळ होईना. मला वाटलं नेहमीचा संधिवात उठला. तुला माहीत आहे, थंडीत माझी बोटं अशीच रुसतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेली ती स्टेरॉइडची गोळी एकाऐवजी दोन घ्यायला लागले. दुखणं जरा दबलं. त्यावर मी दीड दिवस दाभण धरलं. आठ प्रबंध झाले. नवव्याला दाभण हातातून खाली पडलं आणि उचलता येईना.

भाऊजी मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं. मी म्हटलं, कटिंग मशीनच्या पात्यावर घासलं. आता काय सांगायचं होतं? की मी, वयाची सत्तेचाळीस वर्षं झालेली बाई, भावाच्या तोंडावर ठोसा मारून आले? भाऊजी शेजारीच उभे होते. मशीन त्यांचं, वीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला त्या पात्याजवळ जाऊ दिलेलं नाही, तरी बोलले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, कातडीवर एक जंतू कायम बसलेला असतो, जखम झाली की आत उतरतो, सांध्यात पू करणारा बहुतेक वेळा तोच. त्याच्यावरची गोळी दिली. मग साखर तपासली. मी तोंड वाकडं केलं, कारण आकडा मला आधीच ठाऊक होता. स्टेरॉइड दुप्पट केल्यावर साखर कुठे जाणार, छपरावरच जाणार. ते रागावले. म्हणाले, मधुमेह, संधिवात, वर प्रतिकारशक्ती कमी करणारी आठवड्याची गोळी, वर हे स्टेरॉइड, जंतूंना तुम्ही दार उघडून पाटच मांडून दिलाय. सोमवारपर्यंत उतरलं नाही तर मोठ्या हॉस्पिटलला जा.

सोमवारपर्यंत उतरेल. तुझा दात कसा आहे एवढं एका ओळीत कळव.

ताई


११ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगळ्या,

अक्षरावर हसू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे. एवढ्यासाठी काल दुपारपासून बसले आहे.

सोमवार उजाडायच्या आतच मला इथे आणलं. रविवारी सकाळी थंडी वाजून दात वाजायला लागले आणि तळहात फुगून पुरीसारखा झाला. त्याच दिवशी कापलं. सांधा उघडून आतला पू धुतला, नळी घातली, आणि थोडा पू तपासायला पाठवला. कुठला जंतू आहे ते वाढवून बघतात म्हणे, दोन-चार दिवस लागतात. तोपर्यंत सलाईनमधून औषध चालू आहे. ताप मात्र हलत नाही.

इथल्या सर्जनबाई लहान चणीच्या आहेत, आवाज मात्र असा की वॉर्डच्या टोकाला ऐकू जावा. त्यांनी पहिल्या दिवशी प्रश्नांची सरबत्ती लावली. साखर किती वर्षं? सांध्यात कधी इंजेक्शन घेतलंय? गुडघा-खुबा बदललाय? अंगावर दुसरी कुठे जखम, गळू? मी म्हटलं, गुडघा माझाच आहे, बाकी तुम्ही म्हणाल ते सगळं आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "संधिवात उठतो तेव्हा दोन्ही हातांची चार-सहा बोटं धरतो. एकच सांधा एवढा पेटला की तो संधिवात नसतो. तुम्ही चार दिवस त्याला गोळ्या घालून झाकून ठेवलंत." मग माझा हात उलटसुलट करून त्यांनी ती जखम बघितली आणि सावकाश विचारलं, "पातं लागलं म्हणता. पात्याची जखम लांब असते. ही अशी आखूड, खोल कशी?"

मी म्हटलं, टोक लागलं असेल.

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. पण संध्याकाळी एक समुपदेशक बाई येऊन माझ्या खाटेजवळ बसली. पडदा ओढला. माझं नाव, वय, मुलं आहेत का, नाहीत, असं करत करत हळूच म्हणाली, "घरी तुम्हाला कोणी मारतं का? झटापटीत झालं का हे?"

मी नाही म्हटलं. पण लगेच म्हटलं नाही, मुंगळ्या. दोन श्वास गेले मध्ये. खरं तोंडाशी आलं होतं आणि मी ते गिळलं, तेवढ्यात ते दोन श्वास गेले. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

तेव्हापासून सिस्टर भाऊजींशी तुटक बोलतात. भेटायची वेळ संपायच्या आधीच त्यांना उठवतात. काल त्यांनी माझे केस विंचरायला फणी काढली तर सिस्टरने ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः विंचरले. ते पायथ्याशी उभे राहिले, हातात माझा धुतलेला गाऊन घेऊन. त्यांना कळतंय सगळं. मला म्हणाले, "तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस. मी काही दुखावलो नाही."

वीस वर्षं या माणसाने माझ्याशी आवाज चढवून बोललेलं तुला आठवतं का? मला आठवत नाही.

तू आलास तर सगळं सोपं होईल. तू नुसता येऊन उभा राहिलास, तुझा तो दात त्यांना दिसला, की मला तोंड उघडावं लागणार नाही. एवढंच कर माझ्यासाठी. ये.

ताई


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंगळ्या,

हे पत्र टाकू नकोस. आधीची टाकली असशील तर टाकलीस, हे वाच.

काल पुवाचा रिपोर्ट आला. सर्जनबाई कागद घेऊन आल्या तेव्हा भाऊजी स्टुलावर बसलेले होते. बाई म्हणाल्या, "सापडला जंतू. सावकाश वाढणारा आहे, म्हणून वेळ लागला. हा पात्यावर नसतो, कातडीवरही नसतो. हा माणसाच्या तोंडात राहतो, दातांच्या मुळांशी. आम्ही आतापर्यंत दिलेल्या औषधाला तो जुमानत नाही." मग त्यांनी आपली मूठ वळून मला दाखवली. मूठ वळलेली असताना दात थेट सांध्यात शिरतो. मूठ उघडली की वरची कातडी आणि शीर मागे सरकते आणि भोक झाकून टाकते. जंतू आत कोंडले जातात. वरून मुगाएवढं दिसतं, आतमध्ये सांधा सडत असतो.

मग त्या भाऊजींकडे वळल्या. "तुमचा दात लागला का?"

आणि ते म्हणाले, "हो."

एवढंच. मान खाली घालून. बाई म्हणाल्या, म्हणजे यांनी तुम्हाला मारलं, का? तर म्हणाले, "मीच तशी वेळ आणली असणार." बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. म्हणाल्या, तुमचं रक्त तपासावं लागेल, रक्तातून जाणारे आजार असतात, कावीळ वगैरे, तिला धोका आहे का ते बघायला हवं. त्यांनी मुकाट्याने शर्टाची बाही वर केली. सिस्टर सुई घेऊन आली. त्यांच्या दंडाला रबर बांधलं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

मी म्हटलं, "थांबा. यांचं रक्त घेऊन उपयोग नाही. भावाचा दात आहे. मी मारलं त्याला. यांनी आयुष्यात कोणाला टिचकी मारलेली नाही."

सिस्टर तशीच उभी राहिली. बाईंनी कागद खाटेवर ठेवला आणि विचारलं, "हे चार दिवसांपूर्वी का नाही सांगितलंत?" म्हटलं, लाज वाटली. त्या म्हणाल्या, "मी लगेच वेगळं औषध चालू केलं असतं." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सिस्टरने रबर सोडलं. भाऊजी बाही खाली करत राहिले, बटण लागेना त्यांना.

मग ते बाहेर गेले आणि मी पांघरूण तोंडात कोंबून रडले. हाताचं दुखणं नव्हतं ते. चार दिवस मी त्या माणसाला सगळ्यांच्या नजरेखाली बसवून ठेवलं, फक्त माझी मूठ कोणाला दिसू नये म्हणून. आणि ती मूठ कोणाची आहे ते मला माहीत आहे. तुला बाबा फारसे आठवत नाहीत, ते गेले तेव्हा तू सात वर्षांचा होतास. मला आठवतात. आई का गेली ते मी तुला कधी सांगितलं नाही. ती कोणाबरोबर पळून गेली नव्हती. ती मार खाऊन गेली. दुसरं घर तिने पुष्कळ नंतर केलं. तुला मी सांगितलं की ती आजारात वारली, कारण मेलेल्या आईची वाट कोणी बघत नाही.

आणि ती आली होती, मुंगळ्या. तुझी ती बहीण खोटं बोलत नाही. तू अकरा वर्षांचा होतास. दुपारची वेळ, तू आतल्या खोलीत गणितं सोडवत होतास, दार लोटलेलं होतं. मी तिला सांगितलं की तू शिकायला दुसऱ्या गावी असतोस. तू आत पाढे म्हणत होतास आणि मी उंबऱ्यावर मोठ्याने बोलत राहिले, तुझा आवाज तिच्या कानावर जाऊ नये म्हणून. मला वाटलं, ती तुला घेऊन जाईल आणि माझ्याकडे काय उरेल? मी तेवीस वर्षांची होते. बाबा गेलेले. घरात तूच होतास. आता मला माझं समर्थन करायचं नाही. तू म्हणालास ते खरं आहे. मी जागा अडवली.

आता एक मागते. येऊ नकोस, पण रक्त तपासून घे. तुला काही आजार असेल असं मला वाटत नाही, पण बाईंना कळायला हवं, आणि तुलाही कळायला हवं. रिपोर्ट मला नको, हॉस्पिटलला पाठव. सर्जनबाईंच्या नावाची चिठ्ठी आत घातली आहे. उद्या पुन्हा कापणार आहेत. ताप उतरलेला नाही. लाली मनगटापर्यंत आली आहे. मला भीती वाटते.

मला फार भीती वाटते रे.

ताई


२२ फेब्रुवारी, शनिवार

मुंगळ्या,

बोट काढलं.

पंधरा तारखेला पुन्हा धुतलं, नवीन औषधाने ताप उतरला, दोन दिवस वाटलं की निभावलं. मग सांध्यातलं हाड मऊ झालेलं सापडलं. कुर्चा तर उरलीच नव्हती. बोट हलवणारी शीर मेलेली. सर्जनबाई खाटेच्या कडेला बसल्या, पहिल्यांदाच बसल्या, आणि म्हणाल्या, हे ठेवलं तर पू तळहातात शिरेल, मग हात जाईल. सही डाव्या हाताने केली. अठरा तारखेला मधलं बोट मुळापासून काढलं.

शुद्धीवर आल्यावर मी त्यांना विचारलं, पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर वाचलं असतं का? त्या म्हणाल्या, "छातीठोकपणे नाही सांगता येणार. तुमची साखर, तुमच्या गोळ्या, सगळंच तुमच्या विरुद्ध होतं. पण ते दिवस फुकट गेले नसते." चांगल्या बाई आहेत. मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा खोटं बोलल्या नाहीत.

ते बोट दुखतं अजून. जे नाही ते. सिस्टर म्हणते, असं होतं. त्या सिस्टरने परवा भाऊजींची माफी मागितली. हे इतके अवघडले की तिलाच बसायला स्टूल दिलं.

दुकानात प्रबंधांचा गठ्ठा तसाच होता. कॉलेजचे लोक येऊन बत्तीस परत घेऊन गेले. डाव्या हाताने दाभण धरायला शिकायचं म्हटलं तर उजव्याने पानं दाबून धरता यायला हवीत, आणि मधल्या बोटाशिवाय पकडीत जोर राहत नाही म्हणतात. बघू. भाऊजी म्हणतात, मी शिवतो, तू ओरड. वीस वर्षं हेच चाललंय म्हटलं मी, आणि दोघंही हसलो. मग मला रडू आलं.

आता तुझं. मंगळवारी, म्हणजे माझं ऑपरेशन होतं त्याच दिवशी, तू इथे येऊन गेलास. खालच्या मजल्यावर रक्त दिलंस. भाऊजींनी तुला रांगेत पाहिलं. तू त्यांना सांगितलंस की ताईला सांगू नका, म्हणून त्यांनी तीन दिवस सांगितलं नाही, आज सकाळी सांगितलं. त्यांच्याच्याने यापेक्षा जास्त होत नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. म्हणाले, पुढचा दात अर्धा तुटलाय, तू अजून बसवून घेतलेला नाहीस. म्हणाले, तू एकच विचारलंस, कुठलं बोट. त्यांनी स्वतःचं बोट धरून दाखवलं. मग तू वर जिन्याकडे बघितलंस, वरती आला नाहीस. जाताना म्हणालास, "तिला लिहू दे. पत्रं मिळतात."

रिपोर्ट चांगला आला, बाईंनी सांगितलं. तुला काही नाही.

मी तुला माफ कर असं म्हणणार नाही. माफ करण्यासारखं ते नाही, आणि तसं म्हटलं की तुझ्यावर उत्तर द्यायची पाळी येते. वरती का आला नाहीस तेही विचारणार नाही. तू म्हणालास लिहू दे, म्हणून जे माझ्याकडे आहे आणि तुझं आहे, तेवढं लिहिते.

ती आली त्या दुपारी तिच्या अंगावर निळी साडी होती, धुऊन धुऊन विटलेली. हातात काही नव्हतं. तिने पाणी मागितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू इथे नाहीस असं मी सांगितल्यावर ती भांडली नाही, रडली नाही. तिला खरं वाटलं की नाही मला कळलं नाही. तू आत सोळाचा पाढा चुकत होतास.

तिने विचारलं, "आता केवढा झालाय?"

मी हात पुढे केला आणि माझ्या खांद्याच्या थोडा खाली तळवा धरून दाखवला, एवढा. तिने बघितलं. मग तिने आपला तळवा उचलून बरोबर त्याच उंचीवर हवेत धरला, डोक्यावरून हात फिरवावा तसा तो दोनदा फिरवला, आणि जिना उतरून गेली.

ताई